पडवीतले नागरिकशास्त्र

प्रजासत्ताकदिनाच्या आधीच्या आठवड्यात जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेच्या पालकसभेस आम्हांला पाहुणे म्हणून बोलावले होते. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, शालेय पोषण आहार असे नेहमीचे विषय आटोपल्यावर एक सज्जन गृहस्थ उभे राहिले. ते शांतपणे म्हणाले, "फादर, चौथीतली मुले नऊ वर्षांची आहेत. ही वाडी कोणाची, ती वाडी कोणाची, पाणी कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, असले विषय त्यांच्या डोक्यात आतापासून कशाला भरवायचे? मोठी झाली की कळेलच त्यांना. तूर्त त्यांना मूलच राहू द्या." सभेत टाळ्या पडल्या. आम्ही गप्प बसलो. पाहुण्याने यजमानाच्या घरच्या वादात पडू नये, अशी स्वतःची समजूत घातली. परंतु घरी परतल्यावर ते मौन आम्हांला सलू लागले. त्या गृहस्थांना तेव्हा जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज येथे देत आहोत.

आधी तक्रार कशाबद्दल होती ते सांगितले पाहिजे. चौथीच्या वर्गशिक्षिकेने परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. शाळा, देऊळ, विहीर, ग्रामपंचायत, दुकान आणि सगळ्या वाड्या. मुले एकवीस. त्यांपैकी सतरा मुलांच्या नकाशात वहाळापलीकडची बौद्धवाडी नव्हतीच. वहाळ होता, वहाळावरचा साकव होता, आणि त्यापुढे कोरा कागद. त्या वाडीतून येणाऱ्या तीन मुलांनी मात्र सबंध गाव काढला होता. देवळाकडे जाणारी पाखाडी, सरपंचांचे घर, दुकानासमोरचा बाक, काही म्हणून सुटले नव्हते. बाईंनी विचारले, "पलीकडची वाडी का नाही काढली?" एका मुलाने अगदी निष्पापपणे उत्तर दिले, "बाई, तिथे आम्ही कधी गेलोच नाही."

पुढच्या शनिवारी बाई सगळ्या मुलांना घेऊन साकव ओलांडून गेल्या. मुलांनी तिथली विहीर पाहिली, ती मार्चअखेर आटते हे ऐकले, एका घरी ताक प्यायले, आणि परत येऊन आपापले नकाशे पुरे केले. बाईंनी केले ते इतकेच. व्याख्यान दिले नाही, घोषणा दिली नाही, कोणाच्या पूर्वजांचा उद्धार केला नाही. तरीही "शाळेत जात आणली" अशी तक्रार झाली, आणि पुस्तकात असेल तेवढेच शिकवावे, अशी समज बाईंना देण्यात आली.

आमचे पहिले म्हणणे असे की, जात बाईंनी शाळेत आणली नव्हती. ती सतरा कागदांवर आधीच होती, कोऱ्या जागेच्या रूपाने. त्या सतरा मुलांच्या मनात द्वेष होता काय? मुळीच नाही. ती गोड मुले आहेत. त्यांना कोणी "तिकडे जाऊ नका" असे बजावलेलेही नसेल. कोणी कधी तिकडे नेले नाही, एवढेच. आपल्या कोकणात अन्याय बहुधा असाच, आवाज न करता, एका पिढीकडून दुसरीकडे जातो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २ डिसेंबर २०२० रोजी घेतला. निर्णय चांगला आहे. पण पाटी बदलली म्हणून पायवाट बदलत नाही. पायवाट पडण्यासाठी पावले पडावी लागतात, आणि त्या शनिवारी ती पडली होती.

आता वयाचा मुद्दा घेऊ. मुले लहान आहेत, त्यांना हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास एकदा चाळावा. दापोलीला लष्करी छावणी होती आणि सैन्यातून निवृत्त झालेले अनेक महार पेन्शनर तेथे राहत. १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या मुलांना शाळेच्या खोलीत प्रवेश नव्हता. खोलीत शिक्षक शिकवीत आणि ही मुले बाहेर पडवीत बसून जे कानावर येईल ते शिकत. ज्यांनी सरकारची चाकरी करून पेन्शन मिळवले, त्यांनी सरकारकडे अर्जावर अर्ज केले. मागणी काय होती? आमच्या मुलांना आत बसू द्या, एवढीच. त्या वस्तीशी जवळचे नाते असलेले गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक होते. त्यांनी १८८८ साली 'विटाळविध्वंसक' हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच प्रश्न विचारले होते.

याच दापोलीत सुभेदार रामजी आंबेडकरांनी निवृत्तीनंतर काही काळ बिऱ्हाड केले होते. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. पुढे हे कुटुंब साताऱ्याला गेले. तिथल्या शाळेत लहानग्या भीमरावाला इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ साली हीच भावंडे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळताच त्यांना गाडीत बसवून न्यायला कोणी गाडीवान तयार होईना. प्रवासाची ती रात्र पाण्यावाचून गेली. तेव्हा भीमराव नऊ-दहा वर्षांचा होता. म्हणजे आजच्या चौथी-पाचवीतला.

आमचा प्रश्न साधा आहे. जे वय अन्याय सोसायला लहान ठरले नाही, ते अन्याय समजून घ्यायला लहान कसे ठरते? "मुलांना मूलच राहू द्या" असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाची मुले आपल्या डोळ्यांसमोर असतात? वहाळाअलीकडची. पलीकडच्या तीन मुलांना सबंध गाव ठाऊक आहे, कारण त्यांना रोज तो ओलांडावा लागतो. त्यांचे अजाणपण कोणी राखले? तेव्हा येथे भाबडेपणा आणि ज्ञान यांत निवड करायची नसून, काहींनी सर्व जाणावे आणि काहींनी काहीच जाणू नये या व्यवस्थेला आपण शिक्षण म्हणणार काय, हे ठरवायचे आहे.

वर्गात कोण कुठे बसते, हा प्रश्न क्षुल्लक नाही. आपल्या इलाख्यातील सामाजिक लढ्याचा मोठा भाग बसण्याच्या जागेवर आणि पिण्याच्या पाण्यावर झाला. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला, आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली झाली. झाली म्हणजे कागदावर झाली. शेजारच्या महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्याबद्दल लोकांना मार खावा लागला. शाळांचीही तीच गत. बाके एकत्र मांडण्यासाठी कोणीतरी वर्गात जाऊन उभे राहावे लागले. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीस स्थानबद्ध होते. त्या वर्षांत शाळांतून अस्पृश्य मुलांना इतरांबरोबर सरमिसळ बसवावे, यासाठी त्यांनी चिकाटीने खटपट केली. १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या दातृत्वातून पतितपावन मंदिर उभे राहिले ते याच शहरात. सावरकरांची शुद्धीची चळवळ व त्यांचे राष्ट्रवादाचे विवरण आम्हांला मान्य नाही, आणि तो मतभेद लहान नाही. परंतु मुलांच्या सरमिसळ बैठकीपुरते त्यांचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्याच्या अंगणातील चांगले काम पाहून आपण काय शिकतो, हाही नागरिकशास्त्राचाच धडा आहे.

आता आपण आज शिकवतो काय ते पाहू. राज्याच्या अभ्यासक्रमाची मांडणी मुळात वाईट नाही. प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास आहे. सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासनपद्धती अशी पायरीपायरीने चढण आहे. २०२० च्या प्रजासत्ताकदिनापासून शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होऊ लागले, तेही योग्यच. परंतु पुस्तकातून वर्गात येईपर्यंत या विषयाचे काय होते? ग्रामपंचायतीत कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य असतात, हे मुलाला तोंडपाठ असते. आपल्या प्रभागाचा सदस्य कोण, हे ठाऊक नसते. अनेक गावांत २६ जानेवारीस ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. त्याच दिवशी सकाळी मुले ध्वजासमोर न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द खणखणीत आवाजात म्हणतात, खाऊ घेतात आणि ग्रामपंचायतीच्या दारावरून घरी जातात. आत सभा चाललेली असते. एकाही शिक्षकाला वाटत नाही की, दहा मिनिटे मुलांना मागे उभे करून ती दाखवावी. ज्या शब्दांचा अर्थ शेजारच्या खोलीत चालू आहे, ते शब्द आपण पाठांतराच्या कोठीत कुलूपबंद करतो. मग "नागरिकशास्त्र रटाळ आहे" अशी मुलांचीच तक्रार सांगतो!

याला पर्याय म्हणून मूल्यशिक्षण पुढे केले जाते. आम्ही स्वतः सेमिनरीत घडलो. मूल्य हा शब्द आमच्या परिचयाचा आहे, आणि म्हणूनच सांगतो की, मूल्यशिक्षणाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी दया शिकवली जाते, न्याय नव्हे. खाऊतला वाटा द्या, जुने कपडे द्या, म्हाताऱ्यांना हात द्या. हे चांगलेच आहे. परंतु कपडे देणाऱ्या मुलाला "त्याच्याकडे कपडे का नाहीत?" हा प्रश्न विचारायला आपण शिकवत नाही. दयेत देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. न्यायात दोघांना एकाच बाकावर बसावे लागते. दया सोयीची वाटते आणि न्याय गैरसोयीचा, त्याचे कारण हेच.

येथे आम्हांला साने गुरुजींची आठवण होते. गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातील पालगडचे. 'श्यामची आई' मधील एक प्रसंग वाचकांना ठाऊक असेल. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. विटाळाच्या भयाने कोणी हात लावत नाही. आई श्यामला पाठवते आणि श्याम ती मोळी उचलून देतो. शाळांत हा प्रसंग सांगितला जातो, मुलांचे डोळे पाणावतात, तास संपतो. पण गुरुजींचे आयुष्य तेथे संपले नाही. मोळी उचलणारा तो मुलगा मोठा झाला, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्याने प्राण पणाला लावून उपोषण केले. मंदिर खुले झाले. मोळीला हात लावणे ही दया होती. मोळीला हात का लावायचा नाही, असे विचारत देवळाच्या दारापर्यंत जाणे हा न्याय होता. आमच्या शाळा मुलांना मोळीपाशी नेतात आणि तिथेच सोडून येतात.

न्यायाचे शिक्षण लहान मुलांना द्यायचे म्हणजे मोठी व्याख्याने द्यायची नाहीत. त्यासाठी लागणारी साधने प्रत्येक गावात पडलेली आहेत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतो. हे कसे? सड्यावरचे पाणी जांभ्यातून झिरपून जाते, हा झाला भूगोल. कोणत्या वाडीची विहीर आधी आटते आणि का, हा झाला समाज. हंडा कोण वाहते, आई की बाबा, ताई की दादा, हे वर्गात हात वर करून मोजले, की झाले गणित. टँकर कोणाच्या अर्जावर येतो, हे झाले नागरिकशास्त्र. चार विषय एका हंड्यात मावतात. तसेच शिक्षणहक्काचे. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची आणि तीन किलोमीटरच्या आत आठवीपर्यंतची शाळा असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. मुलांनी आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर मोजावे. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की ते किती होते, तेही मोजावे. कायदा म्हणजे काय, हे त्या दिवशी कळेल.

हे स्वप्नरंजन नव्हे. शांतिलाल मुथ्था यांच्या प्रतिष्ठानाने २००९ साली बीड जिल्ह्यातील शाळांत 'मूल्यवर्धन' नावाचा कार्यक्रम आरंभला. संविधानातील मूल्ये पाठ न करवता, जोडीने व गटाने काम करून, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवून ती अंगवळणी पाडणे, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे राज्य शासनाने तो कार्यक्रम इतर जिल्ह्यांत नेला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ च्या सुमारास सहावीसाठी जे सामाजिक व राजकीय जीवनाचे पुस्तक काढले, त्यात भीमरावाच्या त्या गोरेगाव-प्रवासाची हकीकत होती. २०२४ साली नवे पुस्तक येईपर्यंत देशभरच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी ती वाचली. त्यांची मने करपली, असे कोणी दाखवून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. शिक्षक आपले राजकारण मुलांच्या गळी उतरवतील, असे काही पालकांना भय वाटते. हे भय निराधार नाही. वर्ग म्हणजे सभा नव्हे, आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती घोषणा देणे ही एक प्रकारची हिंसाच आहे. परंतु यावरचा उपाय विषय टाळणे हा नसून पद्धत सांभाळणे हा आहे. शिक्षकाने निष्कर्ष देऊ नयेत, प्रश्न द्यावेत. मुलांनी मोजावे, विचारावे, आपल्या डोळ्यांनी पाहावे. त्या बाईंनी नेमके हेच केले. त्यांनी मुलांना कोणते मत दिले? एकही नाही. साकव दाखवला. ज्यांना साकव दाखवणेही राजकारण वाटते, त्यांनी वहाळ तसाच ठेवणे हेसुद्धा राजकारणच आहे, हे ध्यानी घ्यावे.

नागरिकत्वाचा आणखी एक धडा आपल्या जिल्ह्याने आपल्यापुढे ठेवला आहे. हापूसच्या बागा राखायला नेपाळातून कुटुंबे येतात. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर नेपाळी आणि कर्नाटकी खलाशी राबतात. त्यांची मुले आपल्या शाळांत येतात, हंगाम सरला की जातात, पुन्हा येतात. नेपाळी राखणदाराची मुलगी भारताची नागरिक नाही. मग तिला आपल्या शाळेत बसण्याचा हक्क आहे काय? संविधान वाचावे. मतस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य आदी स्वातंत्र्ये देणारे एकोणिसावे कलम नागरिकांविषयी बोलते. कायद्यापुढील समानतेचे चौदावे कलम कोणत्याही व्यक्तीविषयी बोलते. आणि २००२ च्या दुरुस्तीने आलेले एकवीस-क हे कलम सहा ते चौदा वर्षे वयाच्या सर्व बालकांच्या शिक्षणाविषयी बोलते. सर्व बालके, केवळ नागरिकांची नव्हेत. ज्यांनी हे लिहिले त्यांना नागरिक आणि माणूस यांतला फरक कळत होता, आणि त्यांनी मूल माणसांच्या बाजूला ठेवले. परक्याचे स्वागत हे आमच्या धर्मश्रद्धेचे केंद्र आहे. पण हा धडा शिकायला बायबल उघडण्याचीही गरज नाही. शेजारच्या बाकावरील मुलीचे नाव नीट उच्चारायला शिकले, तरी पुरे.

इथवर आम्ही इतरांना बोल लावले. आता स्वतःकडे वळतो, कारण त्यावाचून हा लेख दांभिकपणाचा ठरेल.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्या, असे त्याने सांगितले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले, आणि ६ मे २०१४ च्या निकालाने घटनापीठाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्याच्या बाहेर ठेवले. या निकालाचा मोठ्या पीठाने फेरविचार करावा, असे मत न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदविले. ते काय व्हायचे ते होईल. पण २०१४ साली आमच्या मंडळींना किती हायसे वाटले, ते आम्हांला आठवते. आमच्याही चेहऱ्यावर ते हायसे होते.

अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क तिसाव्या कलमाने दिला आहे. तो आम्हांला प्राणप्रिय आहे. तो सोडून द्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु तो हक्क दुबळ्यांना बळकटांपासून वाचविण्यासाठी दिलेला आहे. बळकटांच्या मुलांना दुबळ्यांच्या मुलांपासून दूर ठेवण्यासाठी तो वापरला गेला, तर कुंपणाची भिंत होते. न्यायालयाने आम्हांला कायद्यातून मोकळे केले. सदसद्विवेकबुद्धीतून मोकळे करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही.

हा कायदा येण्यापूर्वीची एक गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा एका शाळेच्या व्यवस्थापनात होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, दोष आमचा होता. जून महिन्यात एक परप्रांतीय खलाशी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. अर्ज इंग्रजीत होता. त्याला तो भरता येईना. मुलीला इंग्रजी येत नाही, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, ती मागे पडेल, तिच्याच हिताचे नाही, अशी कारणे पुढे आली. सगळी सुसंस्कृत कारणे. आम्ही नकारावर सही केली. त्या सबंध वेळात ती मुलगी कार्यालयाबाहेर पायरीवर बसून होती. छत्रीचे पाणी निथळत होते आणि आतल्या वर्गातून कवितेचे सूर येत होते, त्यांबरोबर तिचे ओठ हलत होते. दापोलीच्या पडवीची हकीकत आम्ही पुढे कित्येक वर्षांनी वाचली. वाचताक्षणी ती पायरी डोळ्यांसमोर उभी राहिली. आमच्या पायरीला कोणी पडवी म्हणत नव्हते, एवढाच फरक होता.

त्याच शाळेत त्याच वर्षी समतेवर निबंधस्पर्धा झाली, आणि बक्षिसे आमच्या हस्ते वाटली गेली. मुले मूर्ख नसतात. समतेचा निबंध एकीकडे आणि पायरीवरची मुलगी दुसरीकडे, यांतले कोणते खरे, हे त्यांना बरोबर कळते. शाळेचा खरा सामाजिक अभ्यास पुस्तकात नसतो. तो प्रवेशाच्या अर्जात असतो, बाकांच्या मांडणीत असतो, वर्ग झाडण्याची पाळी कोणावर येते त्यात असतो, सहलीची वर्गणी न भरलेल्या मुलाने त्या दिवशी काय करायचे यात असतो. मुले तेथून शिकतात आणि परीक्षेत दुसरेच लिहितात. दोन्हींकडे उत्तीर्ण होतात.

तेव्हा आमच्या समाजापुढे, आमच्या धर्मग्रामांपुढे आणि शाळाचालकांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली, कायद्याची सक्ती असो वा नसो, आपल्या प्रत्येक शाळेने पहिलीच्या वर्गातील चौथा हिस्सा जवळच्या वाड्यांतील, बंदरावरील, बागांतील मुलांसाठी राखावा. धर्म विचारू नये, आणि खर्चाचा भार धर्मग्रामाने वाटून घ्यावा. आपले सण थोडे साधेपणाने झाले तर देव रागावणार नाही. उत्सवांऐवजी न्याय मागणारा आमोस संदेष्टा आपल्याच बायबलात आहे. दुसरी, प्राथमिक वर्गाच्या शिक्षकांना परिसर अभ्यासाच्या तासाला दाराबाहेर पडण्याची मुभा द्यावी, आणि त्यावरून तक्रार आली तर त्यांना एकटे पाडू नये. तिसरी, आपल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही दयेच्या गोष्टींबरोबर न्यायाचे प्रश्न यावेत. १९७१ साली रोम येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने न्यायासाठी झटणे हा शुभवार्तेच्या घोषणेचाच अविभाज्य भाग असल्याचे सांगितले. त्याला अर्धशतक उलटून गेले. आमच्या बालवर्गांपर्यंत ते अद्याप पोहोचायचे आहे.

ज्या गृहस्थांनी सभेत प्रश्न विचारला, त्यांच्याविषयी आमच्या मनात आकस नाही. आपल्या लेकराला जगाचे काटे उशिरा टोचावेत, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? परंतु त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, त्यांच्या मुलाला त्या शनिवारी काटा टोचला नाही. त्याला ताक मिळाले, तीन सोबत्यांची घरे ठाऊक झाली, आणि आपल्या गावाचा नकाशा पुरा करता आला. त्यात त्याचे काय गेले?

त्या बाईंकडे जूनमध्ये चौथीचा नवा वर्ग येईल. पुन्हा नकाशा काढवू की नको, या विवंचनेत त्या आहेत. त्यांना पाठिंबा देणारे पत्र आम्ही त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीस धाडले आहे. परवानगी मिळाली, तर त्या शनिवारी साकव ओलांडताना मुलांच्या मागे आम्हीही असू. सभेतले आमचे मौन त्याने भरून निघणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पुढच्या एकवीस कागदांवर तरी ती जागा कोरी राहू नये.